बारदानाचा हिशेब

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणातील अनिवार्य विषय असावा असे सांगितले, आणि अंमलबजावणी रेंगाळल्याचे दिसताच २००३ साली पुन्हा बजावले. तेव्हापासून हा विषय घरोघरी पोहोचला आहे. तिसरीच्या मुलाच्या दप्तरात ‘परिसर अभ्यास’ असतो, अकरावी-बारावीला प्रकल्पाची वही असते. ही वही बहुधा शेवटच्या आठवड्यात, स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे चिकटवून पूर्ण होते. तीत वितळणारे हिम असते, ओझोनचा थर असतो. त्याच घराच्या तळमजल्यावरील दुकानातून दिवसभरात किती प्लास्टिक बाहेर पडले, याचा मात्र तीत उल्लेख नसतो. दोष विद्यार्थ्याचा नाही. ते मोजावयास त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

वास्तविक व्यापारी घराला मोजणे शिकवावे लागत नाही. धान्याचे वजन करताना बारदान वजा होते, हे दुकानात वाढलेल्या मुलाला पाढ्यांच्याही आधी कळते. तागाचे रिकामे पोते झटकून, घडी घालून, गणती करून ठेवले जाते, कारण त्याला भाव आहे. खोकी रद्दीवाला नेतो, तेलाचा पत्र्याचा डबा भंगारवाला नेतो. त्यांचाही हिशेब चोख असतो. परंतु बिस्किटांची वेष्टने, वेफर्सच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या यांची नोंद कोणत्याही खतावणीत सापडत नाही. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांस चिकटवून केलेली अशी वेष्टने पुन्हा वेगळी करणे अवघड असते, म्हणून भंगाराच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही ती नाल्यात जाते. पुस्तकात पानभर समजावलेली ही गोष्ट दुकानदाराला एका वाक्यात उमगते.

तेव्हा प्रकल्पासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तराजू दुकानात आहेच. सलग सात दिवस, दुकान वाढवण्याच्या वेळी, मुलाने केराचे चार ढीग करावेत: विकले जाणारे, घरात पुन्हा उपयोगी पडणारे, कुजणारे आणि कोणीच न घेणारे. चौथ्या ढिगाचे वजन रोज वहीत मांडावे. पहिल्या दिवशी वडील बहुधा हसतील, कारण ढीग पोतेभर दिसेल आणि काटा जेमतेम हलेल. नेमकी हीच अडचण आहे. इतक्या हलक्या मालाची वाहतूक कोणालाच परवडत नाही, आणि वाराही तो सहज उडवून नेतो.

सर्वांत कठीण प्रश्न पिशवीचा आहे, कारण तेथे धंद्याचा संबंध येतो. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कारावास, अशी तरतूद झाली. दंडाची धास्ती दुकानदाराला असतेच; पण पिशवी न दिल्यास गिऱ्हाईक शेजारी जाईल, ही धास्ती तिच्याहून मोठी असते. मग कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत नॉन-वोव्हन पिशव्या येतात आणि दोन्ही बाजूंचे समाधान होते. शाळेत शिकणाऱ्या मुलीने ‘पप्पा, ही कापडाची नाही’ असे म्हटले, तर तिला गप्प करू नये. ती पिशवी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते, आणि केंद्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांतही तिची गणना प्लास्टिकमध्येच होते. खात्री हवी असल्यास वडीलधाऱ्यांच्या देखत तिचा एक धागा जाळून पाहावा. सुती धागा जळून राख होतो; हा वितळून त्याचा कडक मणी बनतो.

एकट्या दुकानदाराने पिशवी बंद केल्यास त्याचे नुकसान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. उपाय बाजारपेठेच्या पातळीवरच निघू शकतो. एका पेठेतील सर्व दुकानांनी एकाच दिवसापासून, व्यापारी संघटनेच्या बैठकीत ठरवून, सुती पिशवी अनामत रक्कम घेऊन द्यावी आणि पिशवी कोणत्याही दुकानात परत आली तरी रक्कम चुकती करावी. पोत्यांच्या बाबतीत घेवाणदेवाणीचा असा व्यवहार पेढ्यांना नवा नाही. जुन्या काळच्या वर्तमानपत्री पुड्या परत आणाव्यात, असा मात्र याचा अर्थ नव्हे. छपाईची शाई खाद्यपदार्थात उतरते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे.

घरातील पाण्याकडेही अशाच नजरेने पाहता येईल. पाणी गाळून पिण्याचा संस्कार जैन घरांत नव्याने सांगावा लागत नाही. विहिरीचे पाणी वापरात होते तेव्हा गाळण्यात उरलेले जीव त्याच विहिरीत हलकेच सोडण्याची रीत होती. पाणी कोठून आले आणि उरलेले कोठे गेले, हे घरातील लहान मुलालाही दिसे. आता ते काम स्वयंपाकघरातील आरओ यंत्राकडे गेले आहे. हे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना सर्वसाधारणपणे त्याहून अधिक पाणी मागील नळीने मोरीत सोडते, आणि नळी भिंतीआड असल्यामुळे ते कोणाच्या नजरेस पडत नाही. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तेथे अशा यंत्राची आवश्यकता नाही, अशी भूमिका राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली घेतली. यंत्र बसवण्यापूर्वी पाण्याचे क्षार तपासून घेणारी घरे थोडीच. शेजाऱ्याने घेतले म्हणून घेतलेलीच अधिक.

यंत्र असेलच, तर त्या नळीखाली एक बादली ठेवून एका दिवसाचे पाणी मोजण्याचे काम मुलांकडे सोपवावे. जमा झालेले पाणी फरशी पुसण्यास व शौचालयात वापरण्यास चालते. कुंड्यांना ते रोज घालू नये. क्षार साठून माती बिघडते.