तुझा कोड पाठव, मग बॅगा आण
ताईचा मुलगा घरमालक झाला, ही बातमी या आठवड्यात सदरकाराच्या घरी पेढ्यांशिवाय आली. मुलगा इंग्लंडात, लेस्टरला. नोकरीत रुळलाय, पण घर स्वतःचं नाही, फ्लॅट भाड्याचाच. तरीही कायद्याच्या लेखी तो घरमालक, कारण रिकामी असलेली दुसरी खोली त्याने मूळ मालकाला विचारून नाशिकच्या शाळासोबत्याला द्यायचं ठरवलं. पाहुणा म्हणून ठेवला असता तर कोणी विचारलं नसतं. भाडं घेतलं की मात्र तपासणी आली. या माणसाला या देशात राहायचा हक्क आहे का, हे किल्ली हातात देण्याआधी बघायचं, पुरावा जपायचा आणि चुकलं तर दंड भरायचा.

कायदा 2014 चा. थेरेसा मे तेव्हा गृहमंत्री होत्या आणि बेकायदा राहणाऱ्यांना देश नकोसा व्हावा, असं त्यांचं जाहीर धोरण होतं. त्या वर्षीच्या डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या आसपास चाचणी झाली आणि 1 फेब्रुवारी 2016 पासून तो सगळ्या इंग्लंडला लागू झाला. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड अजूनही सुटलेले आहेत. घरात राहणारा अठरा वर्षांवरचा प्रत्येक जण तपासायचा, करारावर त्याचं नाव असो वा नसो. दंड आधी माणशी जास्तीत जास्त 3,000 पौंड होता. फेब्रुवारी 2024 पासून पहिल्याच चुकीला भाडेकरूमागे 10,000 पौंडांपर्यंत, दुसऱ्यांदा सापडलात तर 20,000. भाच्यासारखा आपल्याच घरातली खोली देणारा असेल, तर याच्या निम्मा. जाणूनबुजून केलं तर तुरुंगाचीही सोय आहे.

तर भाच्याने मित्राला व्हॉट्सअॅपवर लिहिलं, ‘तुझा कोड पाठव, मग बॅगा आण.’ मित्र विद्यार्थी व्हिसावर नुकताच उतरलेला, कुणाकुणाच्या सोफ्यावर रात्री काढत होता. कोड म्हटल्यावर त्याला वाटलं ओटीपी. ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नये हे आपल्याकडे बँकांनी इतकं घोकून घेतलंय, की त्याने उलट विचारलं, ‘तुझा फोन हॅक झालाय का?’ मग उलगडा झाला. परदेशी माणसाने सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपला नऊ अक्षरी कोड काढायचा. घरासाठीचा कोड ‘आर’ने सुरू होतो, नोकरीसाठीचा ‘डब्ल्यू’ने. तो नव्वद दिवस चालतो. मालकाने तो कोड आणि जन्मतारीख टाकली की पडद्यावर भाडेकरूचा फोटो आणि मुदत उमटते. फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एकच, अशी डोळ्यांनी खात्री करायची. समोर म्हणजे प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर.

भाच्याने व्हिडिओ कॉल केला. फोटोत तुळतुळीत हनुवटी, पडद्यावर दाढी. ज्याच्या डब्यातली मटकीची उसळ पाचवीपासून खाल्ली, त्याला ‘जरा डावीकडे वळ, उजेडात ये’ म्हणून न्याहाळायचं! दोघंही हसले म्हणे. मग भाच्याने त्या पानाची प्रत तारखेसकट साठवून ठेवली. मित्र खोली सोडून गेल्यावरही ती वर्षभर ठेवायची आहे.

सदरकाराला यातलं पुढचं कलम जास्त टोचलं. व्हिसाची मुदत संपत आली की घरमालकाने पुन्हा तपासायचं असतं. भाडेकरूला हक्क दाखवता आला नाही, तर गृहखात्याला तसं कळवायचं. कळवलं की दंड टळतो. म्हणजे उद्या त्या मित्राचा व्हिसा रखडला, तर पाचवीपासूनच्या बाकसोबत्याने त्याच्याविरुद्ध चार ओळी लिहून पाठवायच्या! सीमेवरच्या शिपायाला निदान पगार आणि गणवेश तरी असतो.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘त्यात काय एवढं? मीही पोलीस व्हेरिफिकेशन करतेच.’ ताईचा कोथरूडला भाड्याने दिलेला एक वन बीएचके आहे. तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, हे तिच्या अंगवळणी पडलंय. पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना घर देणारे तर फॉर्म सी नावाचं प्रकरणही ओळखतात. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांच्या आत सरकारला कळवायचं. ताईने एकदा एका इराणी मुलीसाठी तो भरला होता. भरताना इतकी चिडचिड केली की पुढे परदेशी मुलांना ‘जागा गेली’ असं सांगायला लागली.

इंग्लंडात नेमकं हेच झालं, फक्त देशभर. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या जेसीडब्ल्यूआय या संस्थेने 2017 साली घरमालकांना विचारलं, तेव्हा या नियमामुळे ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्याला घर द्यायला आपण कमी राजी आहोत, असं 42 टक्क्यांनी सांगितलं. ते लोक खलनायक नव्हते. चार अर्ज आलेत, तीन तांबड्या-निळ्या पासपोर्टवाल्यांचे आणि एक कोडवाला. कोड कोण उघडत बसणार? हजारो पौंडांचा दंड कोण अंगावर घेणार? घर पासपोर्टवाल्याला जातं. कोडवाल्याचा कागद शंभर टक्के पक्का असतो, तरी त्याला ‘सॉरी’ येतं, कारण गोष्ट कागद बघण्यापर्यंत येतच नाही.

यात घरचेच लोकही सापडले. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे 17 टक्के लोकांकडे पासपोर्टच नव्हता. परदेशी जायचंच नाही तर काढा कशाला? त्यांच्यासाठी जन्मदाखला आणि वाहन परवाना अशी जोडी चालते. मुदत संपलेला ब्रिटिश पासपोर्टसुद्धा चालतो. म्हणजे जुना, पिवळा पडलेला पासपोर्ट पुरेसा, पण भारतीय पोराचा कालच छापलेला पासपोर्ट एकटा कामाचा नाही. अमेरिकन किंवा जपानी पाहुण्याला सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी पासपोर्ट आणि विमानाच्या तिकिटावर घर मिळू शकतं. आपली तिकिटं जपून ठेवणारी ताई हे ऐकून हळहळली. तिच्याकडे 1990 पासूनची आहेत, पण एशियाडची.

प्रकरण कोर्टातही गेलं. 1 मार्च 2019 ला लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्टिन स्पेन्सर यांनी म्हटलं की ही योजना भेदभावाला नुसती संधी देत नाही, तर घरमालकांना भेदभाव करायला लावते. वर्षभराने अपील न्यायालयाने मान्य केलं की काही मालक भेदभाव करतात खरे, पण योजना बेकायदा ठरत नाही. सदरकाराला या दुसऱ्या निकालातला तर्क पचलेला नाही. सगळे कबूल करतात की ठेच लागते, आणि दगड जागच्या जागी.

लेस्टरच्याच एका मराठी नर्सची गोष्ट भाच्याने सांगितली. एजंटाने तिच्याकडे प्लास्टिकचं ओळखपत्र मागितलं. ती म्हणाली, सरकारने ती कार्डं बंद केली, आता सगळं ऑनलाइन आहे. आणि 2022 पासून या तपासणीसाठी कार्ड मुळी चालतच नाही, कोडच लागतो. एजंट म्हणाला, ‘असेल, पण आमच्या यादीत कार्ड आहे.’ हे वाक्य ऐकून सदरकाराला एकदम पुण्यातच असल्यासारखं वाटलं.

मित्र आता खोलीत राहायला आलाय. ताईची खरी काळजी मात्र निराळीच निघाली. ‘डिपॉझिट किती घेतलंस?’ तिने फोनवर विचारलं. भाच्याने सांगितलं की तिथे 2019 च्या कायद्याने पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याने तर मित्र म्हणून घेतलंच नाही. ताई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘कोड बघितलास ना, मग डिपॉझिटही घ्यायचं होतंस. तो गेल्यावर भिंतींना रंग कोण देणार?’ दोघांचं त्यावरून अजून वाजतंय. भाचा म्हणतो, मित्राकडून पैसे कसे मागू? ताई म्हणते, दाढी उजेडात धरायला सांगताना मित्र नव्हता का तो?