काकवीचा भाव कोणी ठरवायचा?

दिवाळी सरली की कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात अजूनही काही गुऱ्हाळांची चुलवाणे पेटतात. 'अजूनही' म्हणायचे, कारण एके काळी येथे ऊस म्हणजे गूळ हेच समीकरण होते. १८९५ साली शाहू महाराजांनी वसविलेली शाहूपुरी गुळाच्या व्यापारावरच वाढली. आज बहुतेक ऊस साखर कारखान्यांकडे जातो. जी कुटुंबे अद्याप गुऱ्हाळ चालवितात, त्यांच्या काहिलीतील सर्वांत साधा आणि सर्वांत उपेक्षित जिन्नस म्हणजे काकवी. आंबोळीबरोबर किंवा भाकरीबरोबर ती चाखून बालपणाच्या आठवणी काढणे सोपे आहे. ती करणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

काकवी म्हणजे कारखान्याची मळी नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मळी हे साखर काढून घेतल्यावर उरलेले द्रव्य. काकवीत उसाचा सारा गोडवा शाबूत असतो. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत घेतात, रानभेंडीच्या चिकट पाण्याने त्यातील गाळ वर आणतात आणि तो सतत काढीत राहतात. जळण असते त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडांचे. रस आटत १०५-१०६ अंशांच्या आसपास आला की काकवी उतरवायची. तोच ११८ अंशांपर्यंत नेला तर गूळ होतो. मधले हे अंतर थोडे आहे, आणि ते ओळखणारी नजर गुळव्याची असते. फेस कसा बसतो, धार कशी पडते, यावरून तो निर्णय करतो. थोडा लिंबाचा रस घातला तर साखरेचे खडे धरत नाहीत. काही दिवस निवळू दिली की काकवी भरून ठेवता येते.

येथवर सारे कुटुंबाच्या हाती असते. पुढे बाजार सुरू होतो आणि तेथे सत्ता बदलते. गुळाच्या सौद्यात रंगाला भाव मिळतो. पिवळाधमक गूळ वरचढ, काळसर गूळ दुय्यम. वस्तुतः काळसरपणा हा दोष नव्हे. पण गिऱ्हाइकाची नजर तशी घडविली गेली आहे. म्हणून काहिलीत हायड्रोससारखी रसायने पडतात, आणि मग त्याच गिऱ्हाइकाकडून शेतकऱ्याला भेसळखोर म्हणवून घ्यावे लागते. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले ही गोष्ट चांगलीच. परंतु नावाबरोबर भाव आपोआप येत नाही.

कारखान्याला ऊस घालणाऱ्याची स्थिती निदान कागदावर निराळी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार त्याला किमान दर आहे आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते बंधन किती पाळले जाते, हे ऊसपट्ट्यातील प्रत्येक आंदोलन सांगते. पण भांडायला निदान एक आधार आहे. स्वतःचा ऊस स्वतः गाळून गूळ वा काकवी करणाऱ्या कुटुंबाला असा कोणताही किमान दर नाही. ज्या वर्षी गूळ पडतो, त्या वर्षी साऱ्या हंगामाचे श्रम त्याच्याबरोबर पडतात.

आणि श्रम कोणाचे? 'घरचे गुऱ्हाळ' या शब्दात एक फसवणूक दडलेली आहे. मध्यरात्री चुलवाणात चिपाडे सारणारा जळव्या बहुधा घरचा नसतो. उकळत्या काहिलीच्या काठावर त्याचे व गुळव्याचे सारे आयुष्य जाते. भाजले तर भरपाई मालकाच्या मर्जीवर. चिपाडे वाळविणाऱ्या, डबे भरणाऱ्या घरच्या स्त्रियांचे श्रम तर हिशेबाच्या वहीत येतच नाहीत. 'पारंपरिक' या विशेषणाने हा अन्याय पवित्र होत नाही. शेतकऱ्याला न्याय्य भाव मागणाऱ्यांनी जळव्याच्या मजुरीचा प्रश्न त्याच दमात मांडला पाहिजे. एरवी ती मागणी अर्धीच राहील.

तेव्हा मार्ग काय? १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी दाखविलेला सहकाराचा मार्ग कारखान्यांपुरताच होता असे मानण्याचे कारण नाही. पाच-दहा गावांतील गुऱ्हाळांनी मिळून काकवी निवळण्याची, तपासण्याची व भरण्याची सामाईक सोय केली, तर दलालाच्या दारी ताटकळण्याची गरज कमी होईल. मोठ्या सहकारात जे राजकारण शिरले त्यापासून धडा घेऊन ही संस्था लहान ठेवावी, तिचे हिशेब गावसभेत वाचावेत आणि जळव्या-गुळव्यांना तिचे सभासद करून घ्यावे. त्यांच्या अपघात विम्याचा हप्ता हा उत्पादनखर्चाचाच भाग धरला जावा.

कार्यकर्त्यांनीही एक काम आजपासून करावे. घरात गूळ आणताना काळसर गूळ मागावा आणि दुकानदाराला त्याचे कारण सांगावे. यातून व्यवस्था बदलणार नाही, हे खरे; परंतु रंगाला भाव देणारी नजर बदलल्यावाचून काहिलीतले रसायनही जाणार नाही. काकवीचा भाव आज बाजार ठरवितो. तो ठरविताना काहिलीभोवती उभ्या असलेल्या माणसांना विचारले जावे, एवढीच ही मागणी आहे.