महागडा ध्वनी आणि खारा वारा

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी तारेची गुंडाळी चुंबकाच्या फटीत ठेवून तिला कागदाचा शंकू जोडण्याची जी युक्ती १९२५ साली प्रसिद्ध केली, तिला आता शतक उलटून गेले आहे. तरीही मालवणच्या रिक्षात वाजणारा असो वा मलबार हिलवरील धनिकाच्या दिवाणखान्यात मिरवणारा असो, आजचा बहुतेक प्रत्येक ध्वनिक्षेपक मूलतः त्याच युक्तीने बोलतो. पालटली आहे ती किंमत. १९२६ साली हा ध्वनिक्षेपक बाजारात आला तेव्हा त्याला २५० डॉलर पडत, आणि तो त्या काळीही चैनीचाच जिन्नस होता. परंतु गेल्या दशकात विल्सन ऑडिओ या अमेरिकन कंपनीने केवळ ७० जोड्या करण्याचे ठरवून जो ‘वॅम मास्टर क्रोनोसॉनिक’ बाजारात आणला, त्याच्या एका जोडीस ६ लाख ८५ हजार डॉलर पडले. मधल्या काळातील महागाई आणि एकाऐवजी दोन नग, या दोन्ही बाबी जमेस धरल्या तरी ही वाढ सुमारे शंभरपटीची भरते.

शंभरपट किंमत मोजून शंभरपट ध्वनी पदरात पडतो काय, हा प्रश्न वरवर पाहता मूठभर शौकिनांचा वाटेल. परंतु ज्या किनाऱ्यावर दशावताराचे प्रयोग, भजनाच्या डबलबाऱ्या, गणेशोत्सव आणि गावोगावच्या जत्रा यांनी वर्ष भरलेले असते, आणि जेथे आखातातून अथवा बोटीवरून परतणाऱ्या माणसाने घरी आणलेली पहिली चैनीची वस्तू पुष्कळदा गाण्याचे यंत्रच असे, त्या सिंधुदुर्गात तो प्रश्न सर्वसामान्यांचाही आहे. माझे प्रतिपादन असे, की आतील रचनेत झालेल्या खऱ्या सुधारणांनी चांगला ध्वनी स्वस्त केला आहे. वरच्या श्रेणीतील भाववाढीचा मोठा हिस्सा पेटीच्या डौलाचा आणि मुद्दाम राखलेल्या दुर्मिळतेचा आहे. आणि आमच्या खाऱ्या हवेतील गिऱ्हाइकाला अधिक दाम मोजावयाचेच असतील, तर ते त्याने दुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूसाठी मोजावेत.

कारखानदारावर अन्याय होऊ नये म्हणून भाववाढीची न्याय्य कारणे आधी सांगितली पाहिजेत. ध्वनिक्षेपकाचे बळ चुंबकात असते, आणि चुंबकाचा इतिहास हा खाणींचा व राजकारणाचा इतिहास आहे. जुन्या नामांकित ध्वनिक्षेपकांतील अल्निको चुंबकात कोबाल्ट लागे. हे कोबाल्ट मुख्यतः आफ्रिकेतील तेव्हाच्या झैर देशाच्या शाबा प्रांतातून येई, आणि १९७८ साली तेथे बंडखोरांची स्वारी होऊन दर भडकताच, अनेक कारखानदारांना नाइलाजाने लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या जड परंतु स्वस्त फेराइट चुंबकाचा आश्रय करावा लागला. पुढे १९८० च्या दशकात जपानच्या सुमितोमोने आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सने स्वतंत्रपणे निओडिमियमचे चुंबक सिद्ध केले. तळहातावर मावेल एवढ्या तुकड्यात पूर्वीच्या मणभर चुंबकाची शक्ती आली, पण त्याबरोबर दुर्मिळ मृदा धातूंच्या बाबतीत चीनची मक्तेदारीही आली. २०१०–११ मध्ये चीनने निर्यात आवळताच या धातूंचे दर कित्येक पटींनी चढले, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने पुन्हा सात दुर्मिळ धातूंवर व त्यांच्या चुंबकांवर निर्यातपरवान्याची अट घातली. त्यातच २००१ साली सुमारे ४७ रुपयांस मिळणारा डॉलर आज ८५ रुपयांच्या पलीकडे गेला असल्याने, परदेशी कारखानदाराने आपला दर एका पैशानेही वाढविला नसता तरी आमच्या गिऱ्हाइकास जवळजवळ दुप्पट रुपये मोजावे लागले असते. वर आयातशुल्क, कर आणि वितरकाचा नफा निराळाच.

ही कारणे मान्य करूनही शिल्लक फार मोठी उरते, आणि तिचा उलगडा रचनेच्या इतिहासाकडे पाहिल्यावर होतो. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून, कपाटाएवढ्या पेटीतून निघणारा खर्ज फळीवर मावणाऱ्या पेटीतून काढून दाखविला. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढील दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे आकारमान, शंकूचे वजन आणि त्याची लवचीकता यांचे गणित असे नेमके मांडले, की पूर्वी सुतारकामाच्या अदमासाने ठरणारी गोष्ट कोणाही अभियंत्यास कागदावर आधीच ठरविता येऊ लागली. बीबीसीच्या अभियंत्यांनी कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा शंकू सिद्ध केला, आणि बॉवर्स अँड विल्किन्सने १९७४ पासून केव्हलारचा पिवळा शंकू रूढ केला. या सुधारणांपैकी गणित तर कोणाच्याही मालकीचे राहिले नाही. ते आज साध्या संगणकावर चालते, आणि म्हणूनच काही हजार रुपयांच्या पेटीतूनही पूर्वीच्या लखपतीला हेवा वाटावा असा ध्वनी निघू शकतो. उलटपक्षी, त्याच बॉवर्स अँड विल्किन्सने चार दशके मिरविलेला केव्हलार २०१५ मध्ये आपल्या श्रेष्ठ श्रेणीतून काढून टाकला, आणि तत्पूर्वी २००५ मध्ये तारस्वरांसाठी हिऱ्याची टोपी आणली. अशा बदलांत सुधारणा नसतेच असे नाही, परंतु ती शेवटच्या अल्पांशाची असते आणि तिची किंमत मात्र मुळापासून नव्याने वसूल केली जाते.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड ध्वनिक्षेपक ठेवून श्रोत्यांची जी परीक्षा चालविली, तिचा निष्कर्ष प्रत्येक खरेदीदाराने ध्यानी ठेवावा असा आहे. ऐकणाऱ्यास पेटी दिसत नसली म्हणजे भिन्नभिन्न माणसांची पसंती आश्चर्यकारकपणे एकाच दिशेस जाते, आणि ती दिशा मोजता येणाऱ्या गुणांची, म्हणजे सर्व स्वर सारख्या बळाने उमटविणाऱ्या यंत्राची असते. पुढे १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हेही दाखविले, की पडदा दूर केल्यावर तीच माणसे तेच ध्वनिक्षेपक ऐकून आपला कौल बदलतात, कारण मग कानाबरोबर डोळाही ऐकू लागतो. कारखानदारांस हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच नव्या नमुन्याच्या पत्रकात लाखेच्या मुलाम्याचे आणि ॲल्युमिनियमच्या घडणीचे वर्णन दोन पाने चालते.

आता हा सारा डामडौल आमच्या किनाऱ्यावर आणून ठेवला असता काय होते ते पाहावे. सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि समुद्राकाठच्या गावांत उरलेले आठ महिने वाऱ्याबरोबर मीठ घरात येते. निओडिमियमचे चुंबक बळाने थोर, पण त्यावरचा निकेलचा पातळ लेप एकदा फुटला की ते गंजून त्याचा भुगा होतो. जुने बोजड फेराइट मात्र गंजण्याचे नाव घेत नाही. दाबलेल्या लाकडी तंतूंची एमडीएफ पेटी दमटपणाने फुगते. शंकूच्या कडेचा मऊ फोम तर दमट हवेत काही वर्षांतच आपोआप कुजतो. ज्या विद्युत्स्थितिक ध्वनिक्षेपकांच्या पातळ पडद्याने क्वाडच्या १९५७ च्या नमुन्यापासून जाणकारांना भुरळ घातली आणि ज्या जातीचे काम आपल्याकडे पुण्याच्या केडन्सने केले, त्यांच्या पडद्याजवळ हजारो व्होल्टांचा दाब असतो, आणि धूळ व ओल ही त्याची जन्मजात वैरी होत. परदेशी परीक्षकांच्या लेखांत या गोष्टींचा उल्लेख क्वचित सापडतो, कारण ती परीक्षा कोरड्या, तापविलेल्या खोल्यांत होते.

कुडाळच्या बाजारात दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात या विषयाचे खरे शिक्षण मिळते. आखातातून पूर्वी आलेले जपानी संच तेथे आजही येतात, आणि बहुतेकांचे दुखणे एकच असते: फोमची कड बोट लावताच गळून पडते. कारागीर मधली धूळटोपी पात्याने अलगद उचलतो, जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या चार बारीक पट्ट्या कापून त्या कॉइल (तारेची गुंडाळी) आणि चुंबकाचा दांडा यांच्यामध्ये खोवतो, जेणेकरून कॉइल बरोबर मध्यावर बसावी आणि घासू नये. मग रबराची नवी कड चिकटवितो, डिंक सुकल्यावर पट्ट्या ओढून घेतो आणि टोपी पुन्हा जागेवर बसवितो. एक पाते, चार पट्ट्या आणि थोडा डिंक एवढ्या भांडवलावर पस्तीस वर्षांपूर्वीचा ध्वनिक्षेपक पुन्हा गाऊ लागतो. परंतु नव्या, आतच ॲम्प्लिफायर बसविलेल्या पेट्यांविषयी त्याचे मत विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले, “कोन गावता ओ, बोर्ड खय गावता?” म्हणजे शंकू मिळतो हो, पण बोर्ड कुठे मिळतो? खाऱ्या दमटपणाने आतील इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे टाके हिरवे पडतात, त्याचा आराखडा कोणी देत नाही, सुटा बोर्ड मिळत नाही, आणि शंकू व चुंबक धडधाकट असताना अख्खी पेटी माळ्यावर जाते.

हेच सार्वजनिक बाबतीतही खरे आहे. माडाला बांधलेला जुना भोंगा खर्जास पारखा होता; दशावतारातील मृदंगाची थाप त्यातून कोरडी येई आणि पायपेटीचा स्वर चिरका होई, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याचे युनिट जळले तर गावातलाच वायरमन नवा डायफ्राम बसवून पहिला प्रवेश संपण्यापूर्वी तो पुन्हा बोलता करी. १९९२ मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तियान हाइल यांनी ‘व्ही-डॉस्क’ काढल्यापासून एकाखाली एक टांगलेल्या पेट्यांची जी पद्धत मोठ्या मैदानांसाठी निघाली, तिची नक्कल आता दोनअडीचशे माणसांच्या मंडपातही दिसते. मंडळे वर्गणी वाढवितात, डेकोरेटर कर्ज काढतो, आणि वॅटांचा आकडा पत्रिकेवर छापला जातो. वस्तुतः वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली आहे. जे बळ कायद्याने वापरावयाचेच नाही, त्यासाठी गावाने कर्जात का बुडावे?

यावर कोणी असे म्हणेल, की ज्याच्या गाठीस पैसा आहे त्याने तो कसा खर्चावा हे सांगणारे तुम्ही कोण? हा आक्षेप मला मान्य आहे. चित्र, रत्न अथवा जुनी मोटार विकत घेणाऱ्यास आपण हिशेब विचारत नाही, आणि उत्तम कारागिरीच्या पेटीवर नजर ठरणे हाही एक आनंदच आहे. तथापि त्या आनंदास श्रवणाचे नाव देऊन मध्यम वर्गातील संगीतप्रेमीस न्यूनगंड देण्याचा जो व्यापार चालतो, त्यास माझा विरोध आहे. केसरबाई केरकरांचा भैरवीचा जो स्वर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठविण्यात आला, तो जुन्या मोनो ध्वनिमुद्रणातला आहे. तो ऐकून ज्याचे अंतःकरण हलत नाही, त्याचे ते हिऱ्याच्या टोपीनेही हलणार नाही. आणि ज्याचे हलते, त्याला चिऱ्याच्या भिंतींच्या उघड्या खोलीत एक जाड सतरंजी, खिडकीला जाडसर पडदा आणि भिंतीपासून हातभर पुढे ठेवलेला साधा स्पीकर यांनी जो लाभ होईल, तो लाखभर रुपये अधिक मोजून होईलच असे नाही.

म्हणून वाचकांस विनंती अशी, की खरेदीला जाताना आपल्या कानाच्या सरावातील एक ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे, किमतीची चिठ्ठी पाहण्यापूर्वी ते डोळे मिटून ऐकावे, आणि मग दुकानदारास तीन प्रश्न विचारावेत: कोन आणि कॉइल सुटी मिळते काय, आतल्या बोर्डाचा आराखडा दुरुस्ती करणाऱ्यास देता काय, आणि हा नमुना बंद झाल्यावर किती वर्षे सुटे भाग पुरविता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा अंतर्भावही केला. परंतु कंपन्यांच्या मर्जीवर चालणारी ही तजवीज पुरेशी नाही. सरकारने ध्वनिक्षेपकांसह सर्व घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबत, नमुना बंद झाल्यानंतर किमान दहा वर्षे सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका पुरविण्याचे बंधन कायद्याने घालावे, आणि तसे न करणाऱ्याने पेटीवरच ठळक अक्षरांत तसे छापावे. ज्याचा कोन, कॉइल आणि बोर्ड आपल्या जिल्ह्यात बदलून मिळत नाही, तो ध्वनिक्षेपक स्वस्त असला तरी आमच्या किनाऱ्यावर महाग आहे, आणि महाग असला तर मुळीच घेऊ नये.