साडेपाचचं खाणं



गेल्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हे सदर आलं नाही, तेव्हा मी 'ऑफिसात रिलीज आहे' असं कळवलं होतं. रिलीज होताच, तो कधी नसतो? पण खरं कारण ते नव्हतं. मी दारू सोडत होतो. आता चौदा महिने झाले, म्हणून लिहायचं धाडस करतोय. बायकोला विचारून लिहितोय, हेही सांगून टाकतो.

व्यसन कसं लागलं ते सांगत बसत नाही. आधी वीकेंड, मग रोज, मग गॅरेजमध्ये एकट्याने. त्यात नवीन काही नाही. मला लिहायचंय ते खाण्याबद्दल, कारण त्याबद्दल मला आधी कुणीच काही सांगितलं नव्हतं.

थोडं गणित करू. इंजिनिअर माणूस, सवय जात नाही. पावणेदोन लिटरची व्हिस्कीची बाटली मला शेवटी शेवटी पाच दिवस पुरायची. ४० टक्क्यांनी त्यात ७०० मिली अल्कोहोल, वजनात साधारण ५५० ग्रॅम. एका ग्रॅमला ७ कॅलरी. म्हणजे रोजच्या पावणेआठशे कॅलरी, सहा-सात पोळ्यांच्या, नुसत्या ग्लासातून. त्यात ना प्रथिनं, ना जीवनसत्त्वं. जेवायला बसलो की भूकच नसायची. वरणभात चिवडायचा आणि उठायचं. पोट चांगलं सुटलेलं, त्यामुळे हा माणूस कुपोषित असेल असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. सकाळी कीबोर्डवर बोटं थरथरायची. माझा बेत असा होता की गुढीपाडव्याला संकल्प करायचा आणि एकदम बंद. नशीब, त्याआधी डॉक्टरकडे गेलो. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, किती पिता? दुसरा, काल काय काय खाल्लंत? दुसऱ्याचं उत्तर मला आठवेना. संकल्पाचं ऐकून त्या जवळजवळ ओरडल्याच. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी अचानक थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मंडळी, बाकी लेख विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आधी डॉक्टर, मग संकल्प.

पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. पहिली गोष्ट दिली ती शिरेतून बी-१, म्हणजे थायमिन. मेंदूला साखरेपासून ऊर्जा करायला ते लागतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. दारू आतड्यात त्याचं शोषण अडवते, बिघडलेलं लिव्हर ते नीट साठवत नाही, आणि माणूस जेवत तर नाहीच. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी व्हायचा, तो याच कमतरतेने. दारुड्यांमध्ये ती मेंदूवर येते. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ साली ते लिहून ठेवलंय: गोंधळलेलं मन, डोळ्यांच्या हालचाली बिघडलेल्या, तोल जाणारी चाल. पाहणाऱ्याला वाटतं चढली आहे. वेळेवर बी-१ मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. मी तिथवर पोचलो नव्हतो. किती लांब होतो ते विचारलं नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा. आठवड्यातून तीन संध्याकाळी थेरपीचा ग्रुप असायचा. तिथल्या समुपदेशकाने चार शब्द दिले: भुकेला, चिडलेला, एकटा, थकलेला. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'हॉल्ट' होतं. तलफ आली की आधी बघायचं, यातलं आपण काय आहोत? मी अर्थातच स्प्रेडशीट केली. तलफेची वेळ, शेवटचं खाणं कधी, झोप किती. तीन आठवड्यांत चित्र उघडं पडलं. बहुतेक नोंदी साडेपाच ते सातच्या मधल्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दुपारी बारानंतर पोटात कॉफीखेरीज काही नाही. ज्याला मी इतकी वर्षं 'दिवसभराचा स्ट्रेस' म्हणत होतो, त्यातला बराचसा भाग साधी भूक होती.

फोनवर आईला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग मुक्तांगणात दुसरं काय करत होते रे?" माझा मावसभाऊ तिथे पस्तीस दिवस राहून आलेला. पुण्याचं मुक्तांगण आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीचा त्याला आधार होता. दादाला फोन लावला. तो म्हणाला, "औषधं होती, ग्रुपमधलं बोलणं होतं, ते सगळं हवंच. पण अरे, दहा वर्षांत पहिल्यांदा मी ठरल्या वेळी उठत होतो, योगासनं करत होतो आणि ठरल्या वेळी ताटावर बसत होतो."

मग आईच आली, मिरजेहून, सहा महिन्यांसाठी. दारू हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, मी साडेपाचला घरात, आणि टेबलावर ताटली. मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, दाण्याची चटणी, ताक. "आधी खा, मग काय ते बोल." नंतर मी शोधून पाहिलं, तर कडधान्यं, शेंगदाणे, बाजरी, सगळीकडे बी-१ आहेच. आईला ते माहीत नव्हतं आणि त्याने काही बिघडलं नाही. ज्या दिवशी मी दुसरी भाकरी मागितली, त्या दिवशी बायको उठून आत गेली. का ते मी विचारलं नाही.

गोडाची ओढ मात्र भयंकर वाढली. मध्यरात्री गुलाबजामचा डबा संपवलाय मी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या १९३९ सालच्या पुस्तकातसुद्धा तलफेवर गोड खायचा सल्ला आहे, तेव्हा पहिले काही महिने मी स्वतःला माफ केलं. त्याच संस्थेचे एक संस्थापक बिल विल्सन पुढे १९६०च्या दशकात बी-३ जीवनसत्त्वाच्या इतके मागे लागले की ते प्रकरण संस्थेपासून वेगळं ठेवायला त्यांना सांगावं लागलं. गोळीने व्यसन सुटत नाही. व्हॉट्सॲपवर येणारी 'लिव्हर डिटॉक्स' चूर्णं तर बघूच नका, काही हर्बल गोळ्या लिव्हरलाच इजा करतात. आणि भाकरीने तरी सुटतं का? नाही. ग्रुप, थेरपी, औषध याला पर्याय नाही. पण उपाशी, झोप न झालेला माणूस ग्रुपमध्ये बसतो ना, तेव्हा त्याला काही ऐकू येत नाही. मला येत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये एकदा प्रॉडक्शन कोसळलं. सकाळी अकरानंतर खाणं नाही, रात्रीचे आठ. स्टीव्हन्स क्रीकवरून घरी येताना गाडी दारूच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये कधी वळली, मला आठवत नाही. इंजिन बंद केलं आणि 'भुकेला' हा शब्द आठवला. डॅशबोर्डच्या कप्प्यात आईने कोंबून ठेवलेली लोणावळ्याची चिक्की होती. चार तुकडे खाल्ले, बायकोला फोन केला, ती येईपर्यंत हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो. चिक्कीने वाचवलं असं म्हणत नाही. फोन करण्याइतकं डोकं चाललं, ते त्या चिक्कीमुळे.

आई परत गेली. साडेपाचची भाकरी आता मीच थापतो, कडा फाटतात. चालणंही सुरू आहे. पहिल्यांदा रँचो सॅन अँटोनियोला गेलो, तेव्हा पार्किंगपासून डिअर हॉलो फार्मचं एक मैल जाताना दोनदा बसलो होतो. आता पुढे चढावर जातो.

शनिवारी सकाळी सातला मी तिथल्या पार्किंगमध्ये असतो. कुणाला यायचं असेल तर या, कारण विचारणार नाही. उशीर करू नका, आठनंतर गाडीला जागा मिळत नाही. आणि काहीतरी खाऊन या.