ऐकणे केवळ कानांचे नव्हे

नातवाच्या लसीसाठी आलेल्या कंपवातग्रस्त आजोबांविषयी सून म्हणाली, "मामंजींना ऐकूच येत नाही हो!" श्रवणचाचणी मात्र वयानुरूप निघाली.

'प' आणि 'ब' यांतील भेद अवघ्या काही शतांश सेकंदांचा. तो टिपण्यात मेंदूच्या पृष्ठभागाबरोबर खोलवरच्या बेसल गँग्लियाचाही वाटा असतो. रुग्ण जागा ठेवून केलेल्या डीप ब्रेन स्टिम्युलेशन शस्त्रक्रियांत तेथील विद्युत्-नोंदींतून वाणीशी असलेला हा संबंध दिसला. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या व्याधीत हेच जाळे डोपामिनअभावी विस्कळीत होते. आपला आवाज खालावल्याचेही रुग्णास पुष्कळदा उमगत नाही.

आमच्या अमरगोळात घरी मराठी, दारी कानडी. बोबड्या नातवाला दोन्ही भाषांसाठी आपण धीर देतो. तोच धीर आणि वेळीच वाचोपचार आजोबांनाही लाभावा. त्यांना 'बहिरे' म्हणून गप्प बसविणे हा अन्यायच होय.