स्तनाचा कर्करोग : निवड बाईची की खिशाची?

रोगाला जात नसते, असे म्हणतात. ते खरे आहे. पण उपचाराला वर्ग असतो, जात असते, आणि गावापासून इस्पितळापर्यंतचे अंतरही असते. भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. त्यावर उपचार आहेत; एक नव्हे, अनेक आहेत. प्रश्न एवढाच की, त्यातून निवड कोण करतो? ती बाई, की तिच्या घरचा खिसा?

छातीत गाठ म्हणजे स्तन काढणे, आणि काढला तरी मरण ठरलेले, असा समज आपल्या वस्त्यांत अजून आहे. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सर्जन हॉलस्टेड यांनी स्तनासोबत छातीचे स्नायूही कापून काढण्याची पद्धत रूढ केली. ती कित्येक दशके जगभर चालली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी तिला पुराव्यानिशी आव्हान दिले. त्यांचे वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. गाठ लहान असताना तेवढीच काढून नंतर किरणोपचार दिले, तर पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रीइतकीच ती स्त्री जगते, हे सिद्ध झाले. गाठ मोठी असेल तर आधी केमोथेरपीने ती लहान करून स्तन वाचतो का, हेही पाहता येते. प्रत्येकीला हे शक्य नसते. पण डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

खरी मेख पुढेच आहे. स्तन वाचवायचा तर किरणोपचार बहुधा घ्यावेच लागतात. आपल्या बायका त्याला ‘लाईट घेणे’ म्हणतात. त्यासाठी आठवड्याचे पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे इस्पितळात जावे लागते. यंत्र दोनशे किलोमीटरवर असेल, रोजची मजुरी बुडत असेल, शहरात पाठ टेकायला जागा नसेल, तर शेतमजूर बाई काय करील? ती म्हणेल, ‘काढून टाका.’ कागदावर तिचा अंगठा असतो, संमती असते. आम्ही याला निवड म्हणत नाही. ही सक्ती आहे!

औषधांचेही तेच. काढलेल्या गाठीची हार्मोन आणि हर-टू ही तपासणी झाल्याशिवाय योग्य औषध ठरतच नाही. हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी पाच ते दहा वर्षे घेऊन रोग उलटण्याचा धोका बराच कमी होतो. हर-टू गाठीवरचे ट्रॅस्टुझुमॅब अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाले. भारतीय कंपनीचे त्याच धर्तीचे औषध बाजारात यायला २०१४ साल उजाडले. मधल्या काळात किती जणी पैशाअभावी गेल्या, याचा हिशेब कोण देणार? २०२२ साली केरळमधील एका रुग्ण स्त्रीने रिबोसिक्लिब हे पेटंटचे औषध परवडत नाही म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली. निकालापूर्वीच ती मरण पावली. कायद्यात उपाय नाही असे नाही. २०१२ साली यकृत-मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला, आणि महिन्याचा दोन लाख ऐंशी हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. मग स्तनाच्या कर्करोगासाठी सरकारचा हात का आखडतो?

आणखी एक ऋण आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. उरलेल्यांना फक्त माहिती दिली गेली. निष्कर्ष २०२१ साली आले. तपासणी झालेल्यांचा रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीवरच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नाही, फक्त शिकवलेले हात! हा पुरावा झोपडपट्टीतल्या बायांनी आपल्या देहाने दिला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे एकीचीसुद्धा स्तनतपासणी झालेली आढळली नाही.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी भूमिका घेतली होती. बाईच्या देहाची काळजी हा उपकार नव्हे, शासनाचे कर्तव्य आहे. संविधानाचे ४७ वे कलमही तेच सांगते. राज्याच्या आरोग्य योजनेला २०१७ साली महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. नाव दिले, आता नावाला जागा! प्रत्येक जिल्ह्यात किरणोपचार, गाठीची मोफत तपासणी, रुग्णासोबत येणाऱ्याची राहण्याची सोय आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई, या आमच्या मागण्या आहेत.

पण सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. लाजेपोटी गाठ लपवणे, बुवा-भगताकडे जाणे, ‘आधी पोरीचे लग्न होऊ दे’ म्हणून वर्ष घालवणे, हे आपल्याच घरात घडते. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली सावित्रीमाईंनी प्राण दिला. त्यांच्या लेकींनी दुखणे लपवून मरावे काय? विहारातल्या महिला मंडळांनी महिन्यातला एक रविवार आरोग्य कार्यकर्तीला बोलवावे. घरच्या पुरुषांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यासोबत इस्पितळ गाठावे. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा मंत्र बाईच्या जिवालाही लागू आहे.