‘हलाल’ नफ्याची हमी कोण देणार?

व्याज नको म्हणून आपल्यातली अनेक कुटुंबे बँकेत मुदत ठेव ठेवत नाहीत. मग ही बचत जाते कुठे? जून २०१९ मध्ये बेंगळुरूची आयएमए कंपनी बुडाली. ‘हलाल गुंतवणूक’ या नावावर विसंबलेल्या हजारो मुस्लिम कुटुंबांची जमापुंजी त्यात अडकली.

यात सरकारी धोरणाचाही वाटा आहे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे २०१७ मध्ये समोर आले. लोकांची गरज मात्र तशीच राहिली. अशा योजना तिचाच फायदा घेतात.

पण सगळा दोष सरकारवर टाकून आम्हाला चालणार नाही. मुदारबतमध्ये नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो, भांडवलाचा तोटा पैसे लावणारा सोसतो. मग दरमहा ठरावीक रकमेची हमी देणारी योजना हलाल कशी? शिवाय बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, इथे तोही नाही.

पैसे देण्याआधी दोनच गोष्टी विचारा: नोंदणी कुठे आहे? आणि तोटा झाला तर तो कोणाचा? समोरचा अडखळला, तर सलाम करून उठा.